चौथीतली मुलगी दुसरीतल्यांना शिकवते, मग तिच्या अभ्यासाचे काय?

“मॅडम, मुलगी चौथीत आहे, पण शाळेत दुसरीतल्या पोरांनाच शिकवत बसते. पाचवीत नवोदयची परीक्षा आहे, ती मागे पडणार नाही का?” असे मला विचारणाऱ्या वडिलांनी तिचा दाखला काढून तिला तालुक्याच्या शाळेत घालायचे जवळपास ठरवले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) शाळा द्विशिक्षकी होती. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत 60 पर्यंतच्या पटाला दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे अशा शाळेत एका बाईंकडे दोन इयत्ता येणे अपरिहार्य असते.

बाईंच्या परवानगीने मी वर्गात बसले. मुलीने 52 वजा 27 हे गणित हातचा घेऊन झरझर सोडवले. “पण हा दहा आणला कुठून?” असे दुसरीतल्या मुलाने विचारताच ती अडखळली. थोडा वेळ गप्प राहून तिने काड्यांचा एक गठ्ठा सोडला, त्या दहा काड्या सुट्या दोनांत मिसळल्या आणि त्यातून सात बाजूला काढून दाखवल्या. वहीत तिचे उत्तर आधीही बरोबरच होते. त्यामागचे कारण मात्र त्या मुलाला समजावताना तिला स्वतःला उलगडले.

तरीही वडिलांची काळजी मी निराधार ठरवली नाही. माँटेसोरी पद्धतीत तीन ते सहा वयाची मुले हेतुपुरस्सर एकत्र बसवतात, इथे मात्र ते शिक्षकसंख्येमुळे घडते, आणि नियोजन नसेल तर हुशार मुलीची बिनपगारी मदतनीस होते, हे मी पाहिले आहे. शिक्षणसंशोधक सायमन वीनमन यांनी 1995 साली अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा बहुवर्ग (एका शिक्षकाकडे एकाहून अधिक इयत्ता) आणि एकवर्ग पद्धतींतील मुलांच्या शैक्षणिक प्रगतीत त्यांना सर्वसाधारणपणे फरक आढळला नाही. म्हणजे केवळ एकत्र बसल्याने मूल मागे पडत नाही, तसे आपोआप पुढेही जात नाही.

बाईंशी बोलून ठरले ते असे, की शिकवण्याची वेळ रोज थोडी आणि ठरलेली असावी, मदतीची पाळी सर्व मोठ्या मुलांकडे फिरावी आणि उरलेल्या वेळात मुलीला तिच्या कुवतीची अवघड उदाहरणे मिळावीत. शिवाय भाषेच्या तासाला, जिथे ती खरोखर कच्ची होती, तिने शिकणाऱ्याच्या जागी बसावे. वडिलांनी दाखल्याचा अर्ज तूर्त दिलेला नाही. सहामाहीनंतर वह्या पाहून ठरवू, असे ते म्हणाले, आणि मला ते रास्त वाटले.