बडोद्याच्या तुरुंगात आमच्या हौशी मंडळाला क्षयरोगावर नाट्यकार्यशाळा घ्यायची आहे. संहिता लिहून न्यावी का?

नका नेऊ. तयार नाटक बघून कैदी टाळ्या वाजवतील आणि विसरतील. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलचं फोरम थिएटर करा: खोकला लपवणाऱ्या कैद्याचा प्रसंग त्यांनाच उभा करू द्या, मग बघणाऱ्यानं 'थांबा' म्हणून त्याची जागा घ्यायची आणि वेगळं वागून दाखवायचं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी, आणि बरं वाटलं तरी साधारण ६ महिन्यांची औषधं मध्येच सोडायची नाहीत, एवढं त्यातून निघालं तरी पुष्कळ. चुकीचं काही बोललं गेलं तर सावरायला डॉक्टर सोबत हवाच. भाषा गुजराती-हिंदी ठेवा. स्वतःचा आजार चारचौघांत सांगायला कुणाला लावू नका. आणि आधी तुरुंग अधीक्षकांची लेखी परवानगी घ्या.