एका कार्डासाठी एकोणीस दिवस

वाचक विचारतात

(देशाचं औद्योगिक धोरण आणि तंत्रज्ञानातलं स्वावलंबन या विषयावर आलेल्या पत्रांना हिंगणा एमआयडीसीत गेली अठ्ठावीस वर्षं यंत्रशाळा चालवणाऱ्या आमच्या सदरलेखिका उत्तरं देत आहेत.)

मी निवृत्त शिक्षक, राहणार कामठी. १९५६ चं औद्योगिक धोरण आम्ही मुलांकडून पाठ करून घेत होतो. मग १९९१ चं उदारीकरण आलं, २०१४ ला मेक इन इंडिया आलं, २०२० ला आत्मनिर्भर भारत. नातू म्हणतो, त्याचा मोबाइल आता भारतातच बनतो. मग आपण तंत्रज्ञानात स्वतंत्र झालो, असं समजायचं का जी?

गुरुजी, या प्रश्नाचं उत्तर मला २०२१ च्या पावसाळ्यात मिळालं, आणि ते फार महागात पडलं.

आमच्याकडे एक व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणारं मशीन आहे. कर्ज काढून घेतलेलं, दक्षिणेतल्या एका कारखान्यात बनलेलं, मागच्या पत्र्यावर ‘मेड इन इंडिया’ची पाटी असलेलं. कोळसा खाणीतल्या कन्व्हेयरच्या बेअरिंग हाउसिंगचं काम चालू होतं, ४०० नगांचं. शंभरेक नग झाले असतील. सकाळच्या पाळीतला ऑपरेटर ऑफिसच्या दारात येऊन म्हणाला, “ताई, ड्राइव्हचा अलार्म येऊन राहिला. रिसेट केला, तरी पुन्हा आला.” पॅनेल उघडलं तर जळकट वास. मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हचं, वहीच्या पानाएवढं हिरवं कार्ड, आणि त्याच्या एका कोपऱ्यात जिऱ्याएवढा काळा डाग. तेवढंच. सर्व्हिसवाल्यांनी सांगितलं की हे कार्ड इथे दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं, आणि देशात एकही शिल्लक नाही. जगभर चिपच्या टंचाईचं ते वर्ष होतं. एकोणीस दिवस मशीन उभं राहिलं. बँकेचा हप्ता चालू, पगार चालू, खाणीच्या कंत्राटदाराचे फोन चालू.

काम शेवटी पूर्ण केलं ते सासऱ्यांच्या वेळच्या, हाताने चालवायच्या एचएमटी (हिंदुस्थान मशीन टूल्स) लेथवर. आमचे एक निवृत्त टर्नर आहेत, त्यांना घरून बोलावलं. चार जॉच्या चकात कास्टिंग धरायचं, डायल लावून मधोमध आणायचं, मग एकेक बोअर (भोक) काढायचा. व्हीएमसीवर ज्याला काही मिनिटं लागत, त्याला तिथे पाऊण तास लागायचा. दोन पाळ्या, रात्री बारापर्यंत. मधेच लेथच्या एका गिअरचा दात तुटला. तो गिअर काढून पिशवीत घातला आणि पलीकडच्या गल्लीत, गिअरचे दात कापणाऱ्या हॉबिंगवाल्याकडे नेला. संध्याकाळी नवा गिअर लेथवर बसला होता.

त्या रात्री लेथजवळ उभी राहून मी मनाशी हिशेब केला. या लेथमध्ये असा एकही भाग नाही, जो हिंगण्यात बनवता किंवा जुळवून घेता येत नाही. आणि त्या व्हीएमसीत? बेडचं कास्टिंग आपलं, पत्रा आपला, जुळवणी करणारे कसबी हात आपले. पण कंट्रोलर (म्हणजे मशीनचा संगणकी मेंदू), सर्व्हो मोटर, ड्राइव्ह बाहेरचे. मेज सरकतं त्या एलएम गाइड बाहेरच्या, बॉलस्क्रू बाहेरचे, स्पिंडलची बेअरिंग बाहेरची. वजन करायला घेतलं तर मशीन जवळजवळ सगळं भारतीय भरेल. बंद पाडायला मात्र तो जिऱ्याएवढा डाग पुरतो.

मोबाइलचं असंच आहे. २०१४ च्या सुमारास आपण वापरत असलेले बहुतेक फोन आयात होत होते. आज देशात विकले जाणारे जवळजवळ सगळे फोन इथे जुळवले जातात, निर्यातही मोठी होते. हे खरं यश आहे, मी ते कमी लेखणार नाही. हजारो मुलींना त्या कारखान्यांनी पहिला पगार दिला. पण आतली चिप, पडदा, कॅमेऱ्याचा संच हे अजून बहुतांशी बाहेरून येतं. सरकारच्याही हे लक्षात आलं आहे. मार्च २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांसाठी २२,९१९ कोटींची वेगळी योजना मंजूर केली, ती याचसाठी. तेव्हा नातवाला सांगा, घर बांधून झालं आहे, विटा आणि सिमेंट अजून आणावं लागतं.

एचएमटीचं नाव निघालं म्हणून थोडं आणखी, कारण मला ते मनापासून लागतं. १९५३ साली बंगळुरूत ही सरकारी कंपनी सुरू झाली, स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉनच्या सहकार्यानं. यंत्रं बनवणारं यंत्र देशातच बनलं पाहिजे, हा विचार अगदी योग्य होता. आमच्यासारख्या हजारो यंत्रशाळा त्या लेथांवर उभ्या राहिल्या. पुढे जगात संगणकावर चालणारी यंत्रं आली, आणि तिथे आपण मागे पडलो. लोखंडाचं काम आपण शिकलो होतो, कंट्रोलर शिकायला हवा तेवढा पैसा आणि वेळ कुणी लावला नाही. बाजार बंदिस्त होता, गिऱ्हाईक रांगेत उभं होतं, मग घाई कुणाला? १९९१ नंतर दार उघडलं तेव्हा बाहेरची यंत्रं आत आली आणि तीच घ्यावी लागली. मीसुद्धा घेतली.

म्हणून कुठलंही नवं राष्ट्रीय धोरण आलं की मी त्यातला एकूण आकडा आधी बघत नाही. २०११ च्या उत्पादन धोरणात लिहिलं होतं की २०२२ पर्यंत देशाच्या उत्पन्नात कारखानदारीचा वाटा २५ टक्के होईल. तो अजून १६-१७ टक्क्यांच्या आसपासच आहे. मी बघते ते एवढंच: कुठले नेमके भाग आपण शिकणार, ते शिकायला किती वर्षं देणार, आणि पहिला ओबडधोबड माल निघेल तेव्हा तो विकत कोण घेणार. संशोधनावर आपण देशाच्या उत्पन्नाच्या एक टक्कासुद्धा खर्च करत नाही, ०.६४ टक्के. दक्षिण कोरिया पाचाच्या जवळ आहे. या फरकातच माझ्या कार्डाची गोष्ट आहे, गुरुजी.

मी नागपुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चीनकडून तीच वस्तू निम्म्या किमतीत मिळत असेल तर ती इथे बनवण्याचा हट्ट कशाला? अर्थशास्त्राचे सर म्हणतात, ज्याला जे स्वस्तात जमतं ते त्यानं करावं.

तुझे सर चुकीचं सांगत नाहीत. मीसुद्धा साधे बोल्ट बाहेरचे स्वस्त मिळाले तर घेते. प्रश्न येतो तो विकणारा एकटाच उरतो त्या दिवशी.

पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. पेनिसिलिन तिथे देशात बनू लागलं. पुढे खासगी कारखानेही आले. मग चीनमधून इतक्या स्वस्त दरात पेनिसिलिन-जी येऊ लागलं की आपले कारखाने एकेक करून ते बनवायचं थांबले. गोळ्या आपल्याच, त्यांवरचं नाव आपलं, निर्यातही आपली, पण आतला मूळ पदार्थ बाहेरचा. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा सगळ्यांच्या छातीत धस्स झालं. त्यानंतर सरकारनं प्रोत्साहन योजना आणली आणि २०२४ मध्ये आंध्रात काकीनाडाजवळ पेनिसिलिन-जीचा कारखाना सुरू झाला. जे एकदा येत होतं, ते पुन्हा पैसे मोजून शिकावं लागलं. फर्मेंटेशनच्या टाकीजवळ वीस वर्षं काढलेला माणूस घरी गेला की त्याच्या हातातलं ज्ञान फायलीत राहत नाही.

दुसरं उदाहरण ताजं आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीननं काही दुर्मिळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरीत हीच चुंबकं असतात. आपल्याकडचे वाहन कारखाने काळजीत पडले. हे धातू ज्यात असतात ती मोनाझाइटची वाळू केरळच्या आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर आहे, ती काढणारी आपली सरकारी कंपनी १९५० पासून आहे. पण वाळूपासून चुंबकापर्यंतच्या मधल्या पायऱ्या आपण मोठ्या प्रमाणावर बांधल्या नव्हत्या.

तेव्हा हट्ट सगळ्याचा नको, निवडक गोष्टींचा हवा, आणि तिथे मात्र चिकाटी सोडू नये. रॉकेटच्या, अतिथंड इंधनावर चालणाऱ्या क्रायोजेनिक इंजिनाचं बघ. १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली रशियानं तंत्रज्ञान द्यायचं नाकारलं. आपलं इंजिन बसवलेलं पहिलं उड्डाण एप्रिल २०१० मध्ये फसलं. जानेवारी २०१४ मध्ये ते यशस्वी झालं. वीसहून जास्त वर्षं! मधल्या काळात कुणी ‘आता पुरे’ म्हटलं असतं तर?

एक इशारा मात्र देते. बाहेरच्या मालापासून संरक्षण आणि अनुदान कायमचं दिलं की एचएमटीसारखं होतं. कोरियानं कारखानदारांना स्वस्त कर्जं दिली, पण निर्यातीचं लक्ष्य गाठा तरच पुढचं कर्ज, असा हिशेब ठेवला. परदेशी गिऱ्हाईक कुणाच्या ओळखीपाळखीला भीक घालत नाही, माल बरा असला तरच घेतो. आपल्या योजनांमध्ये ही कसोटी आणखी कडक असावी, असं माझं मत आहे.

आमच्या रामटेक भागात मनसरला, कांद्रीला मॅंगनीजच्या खाणी आहेत. लहानपणापासून ट्रक जाताना बघतोय. विदर्भाला यातून खनिज खणण्यापलीकडे काही मिळणार का?

दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. मॅंगनीजच्या खाणी चालवणाऱ्या सरकारी मॉइल कंपनीचं मुख्यालय नागपुरात, १९४८ साली स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय नागपुरात, अ‍ॅल्युमिनियमवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था वाडीला. जमिनीखालचं धन आणि त्याची माहिती दोन्ही आपल्या दाराशी आहे. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला मॉइलचा एक कारखाना बॅटरीसाठी लागणारं मॅंगनीज डायऑक्साइड बनवतो. अशी एक पायरी वर चढणं मला हवं आहे, आणि तसे अनेक कारखाने हवेत.

आणि हे इथे जमणार नाही असं कुणी म्हणालं तर त्याला एम्प्रेस मिलची आठवण द्या. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून १ जानेवारी १८७७ ला नागपुरात गिरणी सुरू केली, कारण कापूस इथे होता. पहिली यंत्रं स्वस्तातली घेतली, ती नीट चालेनात, म्हणून चांगली आणून बसवली. रिंग स्पिंडल हे सूत कातायचं तेव्हाचं नवं तंत्र, इंग्लंडातले गिरणीवालेही त्याबद्दल साशंक होते. ते या नागपुरात चालवून दाखवलं गेलं. माझ्या आजेसासूबाई त्या भोंग्यावर घड्याळ लावायच्या.

मुलगा दहावी झाला. आयटीआयला टूल अँड डाय मेकर मिळतंय. नातेवाईक म्हणतात, कॉम्प्युटरचं काहीतरी कर. (उमरेड)

घ्या. दोन वर्षांचा ट्रेड आहे, मन लावून करू द्या. सोबत त्याला कॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढणं, शिकवा. साचा नीट बनवणारा मुलगा मला आज हवा आहे आणि मिळत नाही.

बुटीबोरीला आमचं छोटं टर्निंगचं काम आहे. संरक्षण खात्याच्या साखळीतलं काम घ्यावं का? पैसे अडकतात असं ऐकतो.

घ्या, पण तयारीनं घ्या. अंबाझरीची आयुध निर्माणी आता यंत्र इंडिया या सरकारी कंपनीत आहे, पिनाक रॉकेटचं काम नागपुरात होतं, खासगी कारखानेही मोठे झाले आहेत. पिनाकची रचना पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेची, म्हणजे नकाशाच आपला आहे. अशा कामात ड्रॉइंगवरच्या शंकेला उत्तर देणारा माणूस पुण्यात भेटतो, मराठीत बोलतो. शिकायला याहून चांगली जागा नाही.

पैशाचं ऐकलंत ते खोटं नाही. एका मोठ्या खरेदीदारानं माझं बिल सात महिने अडकवलं होतं. मी लाजेनं गप्प बसले, ते चुकलं. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागतं. उद्यम नोंदणी आधी करून ठेवा, बिलावर तो क्रमांक छापा, माल पोचल्याची सही तारखेसह घ्या. नाहीच दिले तर एमएसएमई मंत्रालयाच्या थकबाकीसाठीच्या पोर्टलवर तक्रार करा.

दर सांगण्याआधी तीन गोष्टी विचारा: मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट कोण देणार, पहिल्या नगाची तपासणी कुठे होणार, आणि गेज (माप तपासायचं साधन) तुम्ही बनवायचं की तेच देणार. पहिल्या ऑर्डरला मी गेजचा खर्च धरायला विसरले होते. तो नफ्याहून जास्त निघाला.