फणसाची फांदी आणि पश्चिमेची भिंत

प्रश्न : सर्व्हेअर काका, आमचं घर जांबोटीच्या पुढं, जांभ्याच्या भिंतींचं, कौलारू. गेल्या श्रावणात वादळात फणसाची फांदी माजघरावर कोसळली. वासे मोडले, दीडशेभर कौलं फुटली. वासे, कौलं आणि ओल धरून फुगलेली पश्चिमेची भिंत, असा सगळा मिळून विमा कंपनीकडं एकच क्लेम घातला. दसऱ्याच्या सुमाराला पत्र आलं, 'जुनी झीज, क्लेम नामंजूर.' आता हे म्हणतात, पुढचा हप्ता भरायचाच नाही. काय करू?
एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, पॉलिसीची झेरॉक्स पाठवलीत ते बरं केलंत. ही 'भारत गृह रक्षा' आहे. १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी आलेली, सगळ्या कंपन्यांकडं मजकूर एकच. तिच्यात वादळ, पूर, दरड आहेच. शिवाय बाहेरची वस्तू घरावर आदळून झालेलं नुकसानही आहे, आणि तिथं उदाहरणात चक्क पडणारं झाड लिहिलंय. म्हणजे फांदीचं नुकसान पॉलिसीत बसतं.

घोटाळा भिंतीनं केला. तुमच्याकडं पाऊस पश्चिमेकडून तिरपा मारतो आणि जांभा पाणी पितो. ती ओल एका वादळाची नव्हे, आणि हळूहळू होणारी झीज विम्यात येत नाही. २६ वर्षं विमा कंपन्यांसाठी नुकसान तपासायचं हेच सर्व्हेअरचं काम केलं, म्हणून सांगतो : सर्व्हेअरनं आधी ओली भिंत बघितली की मग त्याला चांगले वासेही कुजकेच दिसायला लागतात.

तेव्हा भिंत सोडून द्या. फक्त वासे-कौलांचा हिशेब मांडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला नव्यानं लिहा. फांदी पडल्याची तारीख, फोटो, सुताराचं बिल, आणि गावात पंचनामा झाला असेल तर त्याची नक्कल जोडा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर बेंगळुरूच्या विमा लोकपालांकडं जा. फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं. दसरा धरून महिने मोजा.

आता यंदाचं. मे महिन्यात घर शाकारून घ्याल, तेव्हा कौलं उतरवल्यावर उघड्या वाशांचे फोटो काढा. शाकारणी झाल्यावर पुन्हा काढा. तारीख दिसू दे. शाकारणाऱ्याकडून साध्या वहीच्या कागदावर का होईना, पैसे मिळाल्याची सही घ्या. 'जुनी झीज' म्हणणाऱ्याला हाच कागद दाखवायचा. पन्नासेक कौलं माळ्यावर शिल्लक ठेवा, जुन्या साच्याची पुन्हा मिळत नाहीत. फणसाच्या छपरावर आलेल्या फांद्या आधीच उतरवा. पश्चिमेच्या भिंतीला पत्र्याचा आडोसा करा. तो खर्च तुमचाच.

नुकसान झालंच, तर कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत फुटकं कौलसुद्धा टाकू नका. ताडपत्री घाला, पण मोडलेलं बाजूला रचून ठेवा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात बेळगावातल्या माझ्याच घरात गुडघाभर पाणी आलं. वास सहन होईना, म्हणून भिजलेल्या गाद्या आणि लाकडी कपाट मी दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला दिलं, फोटो न काढता. माझ्याकडं आलेला सर्व्हेअर माझ्याच हाताखाली शिकलेला. "सर, गाद्या कुठं आहेत?" एवढंच विचारलं त्यानं. गाद्यांचे पैसे मिळाले नाहीत, कपाटाचेही नाहीत. बायको अजून ऐकवते.

ह्यांना सांगा, हप्ता भरा.

प्रश्न : घराचा विमा किती रकमेचा घ्यावा? जागेची किंमत धरायची का? (निपाणी)

उत्तर : जागा धरू नका, ती जळत नाही की वाहून जात नाही. चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ, गुणिले तुमच्या गावातला आजचा बांधकामाचा दर, तेवढीच रक्कम. दर गवंड्याला विचारा, एजंटाला नको.