"मॅडम, यातलं कुठलं खरं मानू?"

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी वारज्याहून एक मुलगी सासूबाईंना घेऊन माझ्याकडे आली. तिला इथे मृणाल म्हणते. नाव आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत, आणि हे लिहायला तिचा होकार आहे. वय 27, शाळेत गणित शिकवते, पहिलटकरीण, 16वा आठवडा चालू. तिच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं: सोनोग्राफी व्यवस्थित, हिमोग्लोबिन 10.4, वजन वाढत नाही, झोप नाही, दर भेटीत रडते.

बसल्याबसल्या तिने कापडी पिशवीतून पाच पुस्तकं काढली आणि माझ्या टेबलावर एकावर एक रचली. "मॅडम, यातलं कुठलं खरं मानू?"

हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. पहिल्या बाळंतपणात पुस्तक कुठलं घ्यावं, याचं उत्तर म्हणून बहुतेकींना एक नाव हवं असतं. पूर्वी मी नाव सांगायचे. आता सांगत नाही, त्याचं कारण पुढे सांगते.

पाचांतलं एक सासूबाईंनी दिलेलं, गर्भसंस्कारांवरचं. एक नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राने दिलेलं, अमेरिकेत छापलेलं, उशीएवढं जाड. एक मृणालच्या आईचं, म्हणजे मृणालच्याच वेळचं, कराडहून एसटीने आलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. आणि दोन तिने स्वतः अप्पा बळवंत चौकात घेतलेली. सगळ्यांत रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. हिरवी म्हणजे करायचं, पिवळी म्हणजे विचारायचं. लाल कशासाठी, ते ती सांगेना. मी एक लाल पट्टी धरून पान उघडलं. पपई.

दिवस गेलेत हे कळायच्या आधी, पाचव्या आठवड्यात, मावशीकडे तिने पिकलेल्या पपईच्या दोन फोडी खाल्ल्या होत्या. एका पुस्तकात लिहिलं होतं की पपईने गर्भपात होतो. दुसऱ्यात बद्धकोष्ठावर पिकलेली पपई खा, असं होतं. तिने पहिलं खरं मानलं आणि 11 आठवडे ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. लाल पट्टी म्हणजे "इथे मी चुकले." मी मोजल्या. 41 निघाल्या.

सांगून टाकलं तिला, की शंका आहे ती कच्च्या पपईतल्या चिकाबद्दल. पिकलेल्या दोन फोडींनी काही होत नाही. शिवाय बाळ आज 16 आठवड्यांचं आहे, सोनोग्राफीत नीट दिसलंय. ती बराच वेळ रडली. शेजारी बसलेल्या काकूंना, म्हणजे तिच्या सासूबाईंना, यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या नुसत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मग वजनाचं कोडंही सुटलं. प्रत्येक पुस्तकात चार-सहा गोष्टींना मनाई होती आणि मृणालने पाचही पुस्तकांतली मनाई एकत्र पाळली होती. पपई, अननस, तीळ, गूळ, अंडं, मासे, वांगं, रात्रीचं दही, बाहेरचं काहीही. बेरीज केल्यावर ताटात वरणभात, दुधीची भाजी आणि दूध उरत होतं. लोहाची गोळीही ती दुधाबरोबरच घेत होती आणि कॅल्शियमची त्याच वेळी, कारण "गोळ्या दुधाबरोबर" असं एका पुस्तकात मोघम लिहिलेलं. दुधाने आणि कॅल्शियमने लोह नीट अंगी लागत नाही. दोन गोळ्यांत निदान दोन तास सोडायचे, लोहाच्या गोळीजवळ चहाही नको, लिंबूपाणी चालेल. हे तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण त्या दिवशी तिच्या डोक्यात पपई होती.

जाड अमेरिकन पुस्तकाने वेगळाच घोळ घातला होता. त्यात साखरेची तपासणी म्हणजे आधी 50 ग्रॅम ग्लुकोज पिऊन एका तासाने रक्त, आणि आकडा जास्त आला तर दुसऱ्या दिवशी 100 ग्रॅम पिऊन तीन तास. तिला इथे 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिलं आणि दोन तासांनी एकदाच रक्त घेतलं. लॅबने निम्मी तपासणी गाळली या समजुतीने तिने तिथे दोनदा फोन केला होता. प्रत्यक्षात आपल्याकडची पद्धतच ती आहे. दोन तासांनी 140च्या आत हवं, तिचं 118 होतं. पुस्तक खोटं नव्हतं, दुसऱ्या देशातल्या बाईसाठी लिहिलेलं होतं. वजन पौंडात, ताप फॅरनहाइटमध्ये, आहारात कुठे भाकरी नाही की आमटी नाही.

मी तिला म्हटलं, "आपण एक गंमत करू, एक परीक्षा घेऊ. तुम्ही शिक्षिका आहात, पेपर तुम्ही तपासा. पाचही पुस्तकांना एकच प्रश्न: आत्ता, चौथ्या महिन्यात, अंगावरून रक्त गेलं तर मी काय करू?" मी मोबाइलवर वेळ लावली.

जाड पुस्तकात तिला पान सापडायला चार मिनिटं लागली. मग दीड पान कारणं, शेवटी डॉक्टरांना कळवा. गर्भसंस्कारांच्या पुस्तकात अनुक्रमणिकेत हा विषय नव्हता. एका प्रकरणात ओझरतं होतं की आईचं मन अशांत असलं की असे त्रास होतात. आईच्या जुन्या पुस्तकात "पायाखाली उशी घेऊन पडून राहावे" एवढंच. अप्पा बळवंत चौकातल्या एकात गर्भपाताचं असं वर्णन, की ते वाचून तिचे हात गार पडले. पाचवं सर्वांत बारीक. त्यात "लगेच डॉक्टरांकडे केव्हा" असं पान सुरुवातीलाच होतं. सुरुवातीच्या महिन्यांत चार-पाचजणींमधल्या एकीला थोडंफार रक्त दिसतं आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं बाळंतपण पुढे नीट होतं, हे एका वाक्यात. रक्त कितीही थोडं असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पॅड भरत असेल, पोटात कळा असतील किंवा चक्कर येत असेल तर फोनवर न थांबता दवाखाना गाठा, रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो आधी सांगा, हे पुढच्या तीन ओळींत. वीस सेकंदांत सापडलं.

"हे वाचून कसं वाटलं?"

"भीती वाटली," ती म्हणाली. "पण काय करायचं ते कळलं."

नाव न सांगण्याचं कारण आता सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे येणाऱ्या एका पहिलटकरणीला मीच एक पुस्तक सुचवलं होतं. फार प्रेमळ भाषेत लिहिलेलं, धीर देणारं. तिला आठव्या महिन्यात सूज आली, डोकं दुखायला लागलं. पुस्तकात होतं की शेवटच्या महिन्यांत पायांवर सूज येणं नेहमीचं आहे, पाय उंच ठेवा. पायांपुरतं ते बरोबरच होतं. पण सूज चेहऱ्यावर-हातांवर आली, डोकं थांबेना, डोळ्यांपुढे अंधारी आली, बरगडीखाली दुखायला लागलं, तर तो वाढलेल्या रक्तदाबाचा इशारा असू शकतो, ही ओळ त्यात नव्हती. ती दोन दिवस पाय उंच करून पडून राहिली. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब 160/110 होता. बाळ 35व्या आठवड्यात जन्मलं, दोघं सुखरूप आहेत. पण ते दोन दिवस मी अजून विसरलेले नाही. मी ते पुस्तक भाषा गोड आहे म्हणून सुचवलं होतं, धोक्याची पानं उघडून पाहिली नव्हती. तेव्हापासून मी घाबरवणाऱ्या पुस्तकाइतकीच नुसतं गोंजारणाऱ्या पुस्तकापासूनही बायकांना सावध करते.

तुम्ही पुस्तक घ्यायला जाल तेव्हा दुकानातच ही परीक्षा घ्या. रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, न थांबणारी डोकेदुखी: यांतलं एखादं पान शोधा आणि "केव्हा, कुठे, किती लवकर" हे त्यात आहे का बघा. मग आवृत्तीचं साल. सालावर विश्वास नसेल तर रजेचं पान काढा. 2017च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी पगारी प्रसूती रजा 26 आठवडे झाली. 12 आठवडे लिहिलेलं असेल तर मजकूर जुनाच आहे, मुखपृष्ठ तेवढं नवं. लशीच्या पानावर टीटीच (नुसत्या धनुर्वाताची लस) असेल, टीडीचं (धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींची) नाव नसेल, तरी तेच. लिहिणारी व्यक्ती कोण आहे, प्रसूतितज्ज्ञ आहे का, हे मागच्या पानावर वाचा. आणि मुलगा व्हावा म्हणून काय खावं, कुठल्या दिवशी काय करावं, असं एक वाक्य जरी दिसलं तरी पुस्तक जागच्या जागी ठेवून द्या. मुलगा की मुलगी हे बापाच्या पेशीवर ठरतं. जे पुस्तक इथे खोटं बोलतं, त्याच्या बाकीच्या पानांवर मी भरवसा ठेवणार नाही.

मृणालने बारीक पुस्तक ठेवलं. सासूबाईंच्या पुस्तकाचं काय करायचं, हे तिला विचारवेना, म्हणून मीच विषय काढला. काकू म्हणाल्या, "अहो, माझ्या वेळी मला कुणी काही सांगितलं नाही. दुखायला लागलं तेव्हा मला वाटलं, मी मरते. हिला तसं होऊ नये म्हणून दिलं मी." मृणालने पहिल्यांदाच त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं. त्या पुस्तकातली स्तोत्रं आणि अंगाई संध्याकाळी दोघींनी म्हणायच्या, असं त्यांनीच ठरवलं. पोटातल्या बाळाला सहाव्या महिन्याच्या सुमारास आवाज ऐकू यायला लागतात, तेव्हा आजीचाही आवाज ओळखीचा होऊ दे. फक्त "आईच्या मनातला प्रत्येक वाईट विचार बाळावर उमटतो" या पानावर मी काकूंच्या संमतीने क्लिप लावली. रडू आलं तर रडायचं. त्याने बाळाचं काही बिघडत नाही, आणि रोज रडू येत असेल तर ते डॉक्टरांना सांगायचं.

फाइल चाळताना आणखी एक गोष्ट सापडली. अंगणवाडीच्या ताईंनी नाव नोंदवताना दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड, घडीसुद्धा न मोडलेलं. त्यात धोक्याची लक्षणं चित्रांसकट आहेत, लशी, गोळ्या, वजन, सगळ्याच्या नोंदी करायला जागा आहे. "मला वाटलं, हे नुसतं सरकारी असतं," ती म्हणाली. किती जणींच्या फाइलमध्ये ते असंच घडी घातलेलं असतं.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. वजन दीड किलोने वाढलं होतं. लाल पट्ट्या काढून टाकल्या होत्या, पिवळ्या नऊ होत्या आणि त्या नऊही प्रश्नांची चिठ्ठी पुढच्या तपासणीसाठी तयार होती. बारीक पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर तिने डॉक्टरांचा नंबर, दवाखान्याचा रात्रीचा नंबर, 108, ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर आणि स्वतःचा रक्तगट लिहिला होता. खाली वेगळ्या, थोड्या थरथरत्या अक्षरात एक ओळ होती: रात्री कितीही वाजता मला उठव.

33व्या आठवड्यात तिने सासूबाईंना खरोखरच उठवलं. बाळ संध्याकाळपासून नेहमीसारखं हलत नव्हतं. पुस्तकातलं पान तिला आता पाठ होतं: सकाळची वाट बघायची नाही. डॉक्टरांना फोन झाला, नवरा गावाला होता, रिक्षावाला दहा मिनिटांत आला. ठोक्यांचा आलेख चांगला निघाला, पट्टा लावलेला असतानाच बाळाने दोन लाथा मारल्या. दुसऱ्या दिवशी मृणालचा फोन आला. "मॅडम, मला वाटलं डॉक्टर चिडतील, काही नसताना आले म्हणून. पण त्या म्हणाल्या, शंका आली की अशीच येत जा." मग जरा थांबून म्हणाली, "आणि आई जाताना रिक्षात पूर्ण वेळ ते पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पहिलं पान उघडून."