मंडईतला गुडघा, वडसाचं नाटक आणि पानठेल्यावरचे दोस्त

गडचिरोलीतल्या आरमोरी तालुक्यातल्या एका पोराचं पत्र आलं, चांगलं चार पानी. वय 20, बी.ए. दुसरं वर्ष. गावच्या कबड्डी टीमचा मेन रेडर, 60 किलो वजनगट. भाऊबीजेनंतरच्या मंडईत, म्हणजे आपल्याकडच्या गावजत्रेत, रेड टाकून परत फिरताना उजव्या गुडघ्यात कट्ट आवाज आला आणि घरी पोचेपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. मग गावातल्या एका बुवाकडून तीन दिवस मालिश, त्यावर क्रेप बँडेज, आणि बँडेज बांधूनच अजून दोन स्पर्धा. हे एकीकडे. दुसरीकडे वडसाच्या एका नाटक कंपनीत छोटा रोल, आणि स्वतःचं नाटक लिहून राहिला, दोन अंक झाले, तिसरा अडला. वरून हिवाळी परीक्षा, घरचं धान, तुळशीचं लग्न लागल्यावर सुरू झालेली दोस्तांची लग्नं. आणि मनात पोलीस भरती. शेवटी लिहितो, "सर, सगळंच आवडते, काहीच सोडायचं नाही, मले फक्त एक टाईमटेबल बनवून द्या."

बाबू, टाईमटेबल मी देणार नाही. देऊन पाहिलं असतं, पण तूच पत्रात एक दिवस लिहिलास ना, तो मी दोनदा वाचला. नाटक सुटलं पहाटे साडेचारला, गाडीत बसून डुलकी, सातला घरी, आईनं धान बांधायला बोलावलं म्हणून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी मैदानावर "फक्त पाहायला" गेलो आणि दोन रेड मारल्या, रात्री दोस्ताच्या हळदीला. यात झोप कुठे आहे सांग? त्या डुलकीला झोप म्हणत असशील तर तुझ्या गुडघ्याला विचार.

आपल्या झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानपट्ट्याची, गंमतच अशी आहे की सगळं एकाच वेळी येते. दिवाळीत धान निघते, हातात पैसा येतो, मंडया भरतात, आणि मग नाटक, कबड्डी, शंकरपट (बैलांची शर्यत), लग्न हे सगळं होळीपर्यंत एकमेकांच्या अंगावर चढून राहते. उन्हाळ्यात तुला कोणी विचारत नाही. म्हणजे तुला वेळ सांभाळता येत नाही असं नाही, तू एकाच हंगामाच्या चार गाड्यांत एकदम चढायला पाहून राहिला.

आता गुडघा. मी डॉक्टर नाही, पण कबड्डीची पोरं बरीच पाहिली. पाय रोवला, अंग फिरलं, आवाज आला आणि दोन-तीन तासांत सूज चढली, हे ऐकलं की हाडाचा डॉक्टर पहिले एसीएल नावाच्या लिगामेंटचाच संशय घेतो. नक्की काय ते तपासणी आणि एमआरआय केल्यावरच कळेल. ताज्या सुजेवर मालिश नको होती, झाली ते झाली, आता बंद. तू लिहिलंस "चालताना दुखत नाही, फक्त वळताना सटकते", आणि तुला वाटून राहिलं हे बरं लक्षण आहे. नाही बाबू, सटकते हीच तर तक्रार आहे. सटकणाऱ्या गुडघ्यावर खेळत राहिलास तर आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, तीही फाटते आणि मग दुखणं जन्माचं. मी कॉलेजात खो-खो खेळायचो, खांब मारताना घोटा पिरगळला, कॅप्टन म्हणाला फायनल आहे, मी खेळलो. जिंकलो पण. आज बांधीत उतरताना डाव्या पायाला आधी विचारून घ्यावं लागते, आणि ती फायनल कोणत्या गावाशी होती तेही मला आठवत नाही.

तेव्हा याच आठवड्यात ब्रह्मपुरीला नाही तर नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यालाच विचार की तुझा उपचार योजनेत बसतो का, बाहेरच्या माणसाचं ऐकू नको. ऑपरेशन प्रत्येकालाच लागते असं नाही. पण लागलं तर कबड्डीसारख्या खेळात परत उतरायला साधारण 9 महिने तरी धर, त्याच्या आधी घाई करणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका जास्त. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या बरोबरीला आली की नाही ते फिजिओ मोजून सांगते. तोपर्यंत डॉक्टरला विचारून एवढं करत जा: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली बाबांचा दुपट्टा गुंडाळून ठेवायचा, तो खाली दाबायचा, मनात दहा मोजायचे, सोडायचं. दिसायला काहीच नाही, पण मांडी जागी राहते, आणि नाटकाच्या गाडीतसुद्धा जमते.

भरतीचं म्हणशील तर तुझा हिशोबच उलटा आहे. तुला वाटते कबड्डी सुटली की भरती गेली. अरे, मैदानी चाचणी 50 मार्कांची, त्यात 1600 मीटरलाच 20, आणि ते पूर्ण पाहिजेत तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत पळावं लागते. फाटक्या गुडघ्यानं कसा पळशील? खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे ते खरं, पण मंडईतल्या रात्रीच्या स्पर्धेची ढाल त्यात चालत नाही. तिथं मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागते आणि ते क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावं लागते. तुझ्या घरच्या सगळ्या ढाली मिळून भरतीत अर्धा मार्क देणार नाहीत. वय तुझं 20, खुल्या प्रवर्गालाही 28 पर्यंत चालते. एक वर्ष गेलं तर काही बिघडत नाही.

नाटक मात्र सोडू नको, इथं मी तुझ्या बाबांच्या विरोधात आहे. ते म्हणतात नाटकानं पोट भरत नाही. झाडीपट्टीत कितीतरी घरं या हंगामावर चालतात हे त्यांनाही ठाऊक आहे, आणि परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. पण या वर्षी रोल नको. रोज रात्री वेगळं गाव, लाकडी स्टेज, त्यात तुझी ती फाईटिंग. कंपनीच्या मालकाला सांग की प्रॉम्प्टिंगला, म्हणजे नटांना संवाद सुचवायला, बसतो, तेही परीक्षा झाल्यावर, आठवड्यात दोन रात्री. तिसरा अंक अडलाय ना तुझा, मग समोर बसून बघ की पब्लिक कुठे हसते, कुठे उठून चहाला जाते. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा फॉर्म भरावासा वाटला तर तिथं पदवी लागते आणि नाटकात काम केल्याचा अनुभव मागतात, म्हणजे ती रखडलेली बी.ए. पण कामाची आहे.

राहिले दोस्त. खरं सांगू, मला वाटते तुझं खरं दुखणं इथंच आहे. तू त्या दोन स्पर्धा खेळलास कशाला? पत्रातच आहे, "पानठेल्यावर सगळे म्हणाले भाऊ तुझ्याशिवाय टीम उभी नाही राहत, नाही म्हणता आलं नाही." गुडघा तुझा, खर्रा (सुपारी-तंबाखू) घोटत निर्णय त्यांचा. त्यांना तोडून टाक असं म्हणत नाही मी, पायाला काही झालं तर दवाखान्यात हेच पोट्टे गाडी घेऊन येतील. लग्नं निवड, जवळची दोन-तीन कर, बाकीच्यांना आहेर पाठव. आणि टीमला सांगायचं ते कॅप्टनला एकट्याला भेटून सांग, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकशील तर दहा जण मिळून तुला परत मैदानात आणतील. एवढंच बोल: "गुडघ्याचा एमआरआय आहे, या हंगामात मी खेळत नाही, पण रोज संध्याकाळी पोरांची रेड पाहायला येतो." चप्पल घालूनच जा मात्र, बूट घरी ठेव, नाहीतर "फक्त पाहायला" काय होते ते आपण दोघांनी वाचलंय.

डॉक्टर काय म्हणाला ते कळव.