परीने केलेल्या मदतीचा मोबदला: झालेल्या कामाचा आणि पुढच्या कामाचा

प्रश्न: मी परी आहे. सावत्र आईच्या घरी राबणाऱ्या, 19 वर्षे पूर्ण झालेल्या एका मुलीला मी एका रात्रीत गाडी, पोशाख आणि काचेचे बूट मिळवून दिले. मध्यरात्रीनंतर बूट तेवढे उरले, पण त्यांच्यामुळेच तिचे राजघराण्यात लग्न झाले. त्या रात्री तिने मोबदल्याचे विचारले, तेव्हा ‘मला काही नको, तू सुखी हो’ असे मी म्हणाले होते. आता माझे वय झाले आहे आणि उत्पन्नाचे साधन नाही. अलीकडे तिचे पत्र आले. ‘तुम्ही केलेल्या मदतीची भरपाई म्हणून मी तुम्हाला दरवर्षी योग्य ती रक्कम देईन’ असे त्यात लिहिले आहे, परंतु पुढे काही झालेले नाही. मला कायद्याने काही मागता येईल का? आणि यापुढे मानधन कसे ठरवावे?

उत्तर: आदरणीय परीमावशी,

मोबदल्याचा विचार मनात आला याचा आपण मुळीच संकोच बाळगू नये. एखाद्या मुलीचे आयुष्य मार्गी लावण्यासाठी कौशल्य, वेळ आणि जबाबदारी लागते, आणि ते काम मायेने केले म्हणून फुकटच असले पाहिजे, ही समजूत मला अन्यायाची वाटते. मात्र काम किती मोलाचे होते यापेक्षा ते कोणत्या हेतूने केले गेले, हे न्यायालय आधी पाहते.

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 70 नुसार, करार झालेला नसतानाही एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याला भरपाई द्यावी लागते. पण ते काम विनामोबदला करण्याचा हेतू नसावा, ही त्यातली मुख्य अट आहे. त्याच कलमाखालच्या उदाहरणात, दुसऱ्याची मालमत्ता आगीतून वाचवणाऱ्याने ते विनामोबदला केल्याचे परिस्थितीवरून दिसत असेल, तर त्याला भरपाई मागता येत नाही, असे म्हटले आहे. ‘मला काही नको’ हे आपले शब्द आपल्याला नेमके त्याच जागी नेऊन उभे करतात. म्हणून केवळ त्या रात्रीच्या कामाच्या आधारावर दावा लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपली खरी ताकद त्या पत्रात आहे. इंग्लंडमध्ये 1840 साली ईस्टवूड विरुद्ध केनियन हा खटला निकाली निघाला. एका पालकाने अज्ञान (कायद्याने वयात न आलेल्या) मुलीच्या शिक्षणासाठी आणि मालमत्तेसाठी कर्ज काढून खर्च केला होता. सज्ञान झाल्यावर तिने आणि लग्नानंतर तिच्या नवऱ्यानेही ते कर्ज फेडण्याचे वचन दिले, तरीही उपकार आधीच होऊन गेलेला असल्याने तो वचनाचे प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात केलेली गोष्ट, ठरत नाही, असे सांगून न्यायालयाने पालकाला रिकाम्या हाताने परत पाठवले. आपल्याकडच्या कायद्याने सुदैवाने वेगळी वाट धरली. कलम 25 च्या पोटकलम (2) नुसार, ज्याने आपल्यासाठी पूर्वी स्वेच्छेने काही केले आहे त्याला पूर्ण किंवा अंशतः भरपाई देण्याचे वचन बंधनकारक ठरते. कलम 70 मध्ये आपल्या आड येणारी स्वेच्छा इथे आपल्या उपयोगी पडते, आणि ती मुलगी त्या वेळी सज्ञान होती हेही आपल्या बाजूचे आहे.

उणीव आहे ती ‘योग्य ती रक्कम’ या शब्दांत. ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो कलम 29 नुसार शून्य, म्हणजे कायद्याने निरर्थक, ठरतो. म्हणून आपण तिला प्रेमाने, पण लेखी कळवावे की तिचे वचन आपण स्वीकारले आहे, आणि वार्षिक रक्कम, ती देण्याची तारीख व ती किती वर्षे द्यायची हे नमूद करून तिने सहीनिशी दुसरे पत्र द्यावे. तिच्या पत्राच्या भाषेवरून ती टाळाटाळ करते आहे असे मला वाटत नाही. किती द्यावे हेच तिला कळत नसावे. आकडा सुचवण्यात कमीपणा मानू नका.

यापुढच्या कामाचे मानधन कांडी उचलण्यापूर्वी ठरले पाहिजे, मात्र ते चुलीपुढे रडत बसलेल्या मुलीशी ठरवू नये. आपण तिचा एकमेव आधार असता आणि ती कशालाही हो म्हणेल. अशा करारावर कलम 16 मधील अनुचित प्रभावाचा, म्हणजे वरचढ स्थितीचा गैरफायदा घेतल्याचा, आक्षेप येतो, आणि करार एकतर्फी दिसत असेल तर प्रभाव टाकला नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर पडते. मुलगी अज्ञान असेल तर तिच्याशी केलेला करार मुळातच शून्य असतो, आणि अज्ञान व्यक्तीविरुद्ध कलम 70 चाही आधार घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1962 च्या बी. के. मंडल प्रकरणात म्हटले आहे. पहिले मूल देण्यासारखी अट तर कोणाकडूनही मान्य करून घेऊ नये. कलम 23 खाली ती बेकायदा आहे आणि माणुसकीलाही धरून नाही.

मग पैसे कोणी द्यायचे? माझ्या मते, ज्यांनी परीला बोलावले त्यांनी. 1697 साली फ्रान्समध्ये छापलेल्या एका परीकथेत राजकन्येच्या नामकरणाला बोलावलेल्या सात परींना सोन्याच्या पेटीत हिरेमाणकांनी मढवलेला चमचा, काटा आणि सुरी मिळते; आठव्या, वृद्ध परीसाठी पेटी केलेलीच नसते, आणि पुढचा सगळा अनर्थ त्यातून घडतो. देणारे तिथे राजघराणे आहे, ते तान्हे बाळ नव्हे, हे मला महत्त्वाचे वाटते. आईवडील, पालक किंवा एखादा विश्वस्त निधी यांनी आपल्याला काम सांगितले आणि फी कबूल केली, तर लाभ मुलीला झाला तरी तो करार पक्का ठरतो, कारण त्यांच्या इच्छेवरून केलेले काम हेच कलम 2 (ड) प्रमाणे प्रतिफल होय. त्या करारात मदतीची मुदतही लिहावी. जादू मध्यरात्री संपते हे आधी सांगितलेले नसेल तर फीवरून वाद होतो.

शापाची भाषा मात्र पत्रात किंवा बोलण्यात कुठेही येऊ देऊ नका, कारण धमकी देऊन मिळवलेले वचन तिला पुढे रद्द करून घेता येईल. ठरलेल्या तारखेला रक्कम आली नाही, तर त्या दिवसापासून 3 वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागेल. तोपर्यंत तिचे मूळ पत्र पाकिटासह जपून ठेवा आणि आपल्या उत्तराची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.