चोवीस तासांत न मेलेला डास

प्रश्न : पूर्वी लिक्विडचं मशीन लावलं की तासाभरात डास पडायचे. आता ते रात्रभर चालू असतं आणि डास शेजारच्याच भिंतीवर बसतो. डासांना औषधाची सवय झाली का? – शाहूपुरीतील वाचक

उत्तर : सवय एका डासाला लागत नाही, बदलते ती पिढी. काही थोडे डास जन्मतःच असे असतात की औषधाचा त्यांच्या मज्जातंतूंवर परिणाम होत नाही, किंवा त्यांच्या शरीरातली विकरं (एन्झाइम) औषधालाच आधी मोडून टाकतात. बाकीचे मरतात आणि यांची पिल्लं उरतात. आपल्याकडे डीडीटीची देशव्यापी मोहीम १९५३ साली सुरू झाली. १९५९ मध्येच गुजरातेत पंचमहालात ॲनाफिलिस क्युलिसिफेसिस, म्हणजे खेड्यापाड्यांत हिवताप पसरवणारा मुख्य डास, डीडीटीला दाद देईनासा झाला. १९६५ च्या सुमारास वर्षाला लाखभर रुग्णांवर आलेला हिवताप १९७६ मध्ये ६४ लाखांवर गेला. कारणं बरीच होती, पण औषध न लागणं हे त्यातलं मोठं कारण.

तुमच्या भिंतीवरचा डास मात्र बहुधा गटारातला क्युलेक्स असणार. तो भिंतीला समांतर बसतो आणि त्याच्यापासून हिवताप होत नाही. ॲनाफिलिस मागची बाजू वर उचलून तिरका बसतो. एकदा टॉर्च मारून बघा.

प्रश्न : आम्ही भाजीवर औषध मारतो, त्याचा डासांशी काय संबंध? – शिरोळ तालुक्यातील शेतकरी

उत्तर : थेट संबंध आहे. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन ही शेतातली औषधं आणि मच्छरदाणीतलं डेल्टामेथ्रिन एकाच, म्हणजे पायरेथ्रॉइड गटातली. शेतातलं औषध डबक्यात उतरलं की डासाच्या अळ्यांना ते थोडं थोडं लागतं आणि त्यातून टिकणाऱ्यांचीच निवड होते. पंप धुतलेलं पाणी पाटात किंवा ओढ्यात सोडू नका, एवढी कळकळीची विनंती.

प्रश्न : औषधी मच्छरदाणीवर डास बसतो आणि तसाच उडून जातो. मग ती लावायची कशाला? – गगनबावड्याहून एक आई

उत्तर : ताई, ती काढू नका. औषध लागतं की नाही हे तपासताना डासाच्या माद्या औषध लावलेल्या कागदाच्या नळीत तासभर ठेवतात. मग त्यांना स्वच्छ नळीत घालून वर साखरपाण्याचा बोळा ठेवतात आणि चोवीस तासांनी मेलेल्या मोजतात. ९० टक्क्यांहून कमी मेल्या तर डास औषधाला पुरून उरला असं धरतात. वाचलेल्यांचं पुढे काय होतं, हे या चाचणीत कळत नाही.

आणि हिवतापात महत्त्वाचं आहे ते नेमकं हेच. रुग्णाला चावलेली मादी लगेच रोग देऊ शकत नाही. परोपजीवी तिच्या पोटात वाढून लाळेपर्यंत पोचायला हवामानानुसार साधारण १० ते १४ दिवस लागतात. तेवढं जगणाऱ्या माद्या मुळातच थोड्या, म्हणजे रोग पसरवते ती म्हातारी मादी. ग्लासगो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये आफ्रिकेतल्या ॲनाफिलिस गॅम्बी डासांवर हेच तपासलं. औषधाला पुरून उरलेल्या डासांचं आयुष्यही औषध लागल्यावर निम्म्यापर्यंत घटू शकतं, असं त्यांना आढळलं. तुमच्या जाळीवरून उडालेली मादी कदाचित आठवड्याभरात मरेल, कोणालाही हिवताप न देता. हे आपल्याला दिसत नाही, म्हणून जाळी निरुपयोगी वाटते.

तरी नुसत्या या भरवशावर राहणं मला पटत नाही, कारण प्रतिकार वाढत गेला की हा फायदाही आटत जाणार. म्हणूनच आता दोन औषधांच्या जाळ्या आल्या आहेत. पायरेथ्रॉइडसोबत क्लोरफेनापिर असलेल्या जाळ्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली. तुमची जाळी फाटली असेल तर शिवा, उन्हात वाळवू नका, सावलीत वाळवा.

प्रश्न : गच्चीवरच्या टाकीत औषध टाकावं का? – राजारामपुरीतील वाचक

उत्तर : आधी झाकण घट्ट बसवा आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी बांधा. शहरातला हिवतापाचा डास, ॲनाफिलिस स्टीफेन्सी, अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. टाकी बंद असेल तर औषधाची गरजच पडत नाही. झाकता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा.